'पिरान्हा' म्हणून विकलेला रूपचंद

मे महिन्यात नांदेडात जुनी फिश टँक माशांसकट विकत घेतली आणि चार दिवसांत दहा मासे मेले. असा व्यवहार करायचा कुणाच्या मनात असेल तर आधी हे वाचा.

विकणारा म्हणाला, बदली झालीय, पुण्याला चाललोय. टाकी तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच. फिल्टर, लाइट, खडी आणि पंधरा मासे मिळून ८,५०० रुपये. "दोनशे लिटरची आहे" हेही त्याचंच सांगणं. घरी येऊन हिशेब केला तर साडेचार घनफूट, म्हणजे काठोकाठ भरली तरी १२७ लिटर.

"काय बघायलाव भाऊ? हे दोन बेबी शार्क, हे तीन पिरान्हा. असा माल नांदेडात मिळत नाही." शार्कचे ८०० आणि पिरान्हाचे ७०० रुपये नगामागे त्यानं लावले. सोबत गुलाबी-निळे नऊ टेट्रा आणि एक सकर, जो म्हणे घाण खातो, टाकी धुवायचं कामच उरत नाही. माझ्या लेकराचं लक्ष त्या लाल छातीच्या पिरान्हांवरून हलेना, आणि मी पैसे मोजले.

टाकी त्यानं चकाचक धुऊन दिली. खडीसुद्धा धुतलेली, फिल्टरला नवाकोरा पांढरा स्पंज. मला तो चांगुलपणा वाटला, पण घात तिथंच झाला. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य यांतून पाण्यात अमोनिया होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू त्या जुन्या, तपकिरी, बुळबुळीत स्पंजात आणि खडीत राहतात. ते नव्यानं वाढायला महिना-दीड महिना लागतो. जुनी टाकी घ्यायचीच असेल तर तो घाण दिसणारा स्पंज हट्टानं मागा आणि त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून घरी आणा.

त्यात आमचं बोअरचं जड पाणी, सामू (pH) आठच्या वर. सामू आणि तापमान जेवढं जास्त तेवढा अमोनिया जहाल, आणि मे महिन्यात टाकीचं पाणी ३३ अंशांवर गेलेलं. तिसऱ्या दिवशी पहाटे सगळे मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकत होते, टेट्रांचे कल्ले लालभडक. अमोनिया तपासायच्या टेस्ट किटचे थेंब टाकले. पिवळं राहायला हवं ते पाणी नळीत गडद हिरवं झालं, म्हणजे अमोनिया भरपूर. निम्मं पाणी बदललं, पण दुसऱ्या दिवसापर्यंत नऊही टेट्रा आणि सकर गेले. ते टेट्रा मुळात करड्या-काळ्या रंगाचे विडो टेट्रा, तो गुलाबी-निळा रंग वरून दिलेला असतो, हे मला नंतर कळलं. त्या मुक्या जिवांचे किती हाल केले असतील!

उरलेल्या पाचांना खायला काय द्यायचं हे विचारायला विकणाऱ्याला फोन लावला तर बंद. शेवटी फोटो घेऊन मासळी बाजारातल्या ओळखीच्या मावशींकडे गेलो. त्यांनी एकदाच बघितलं. "शार्क कुठला रे बाबा? हे पंगास. अन् हे रूपचंद." बर्फातला किलोभराचा रूपचंद उचलून त्यांनी अंगठ्यानं त्याचा खालचा ओठ ओढला. आत चौकोनी, सपाट दात, थेट माणसाच्या दाढांसारखे. पिरान्हाचे दात त्रिकोणी आणि धारदार असतात, खालचा जबडा पुढे आलेला असतो. रूपचंद त्याचाच दक्षिण अमेरिकेतला नातलग, लहानपणी छाती तशीच लाल, म्हणून हा धंदा चालतो. आणि पंगास? तो मीटरभराच्या वर वाढतो. एक फूट रुंदीच्या टाकीत त्याला पुढे वळतासुद्धा आलं नसतं. मी ८०० रुपयांना घेतलेला 'शार्क' मावशींच्या पाटीत किलोवर विकायला होता.

गोदावरीत सोडून द्या, असं दोघा-तिघांनी सुचवलं. कृपा करून तसं कधीच करू नका. हे बाहेरचे मासे आहेत, नदीतल्या आपल्या माशांच्या मुळावर येतील. अर्धापूरकडच्या एका मित्राच्या प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात पंगास आणि रूपचंद आधीपासूनच पाळलेले आहेत, तिथं मी पाचही नेऊन दिले.

गेल्या आठवड्यात तसाच जाहिरातीचा फोटो मोबाइलवर आला. तीच खोली, मागं तोच फुलाफुलांचा पडदा, टाकी मात्र दुसरी. 'बदली झाल्यामुळे विकणे आहे. बेबी शार्क व पिरान्हासह. ९,०००.'