७५ रुपये ५२ पैशांचं "बायोडिझेल" आणि पोकलेनचं इंजिन – मशीनवाल्यांनो, हे वाचाच

ज्यांच्याकडे पोकलेन, लोडर, डंपर किंवा मोठा जनरेटर आहे त्यांच्यासाठी लिहितोय. साईटवर आणून "बायोडिझेल" म्हणत स्वस्त डिझेल देणारे आमच्या सोलापूर-सांगली पट्ट्यात मोकाट फिरतायत आणि त्यातल्या एकामुळे माझे ५,४४,१९० रुपये गेलेत. कर्जाचा हप्ता यात धरलेला नाही.

पद्धत तुम्हाला माहीतच आहे. पहिला माल चोख देतात. मार्च २०२३ मध्ये मी दोन बॅरल घेतले, ४०० लिटर, ३०,२०८ रुपये. मशीन मस्त चाललं, ऑपरेटरची काही तक्रार नाही. आता खात्री आहे की ते पंपावरचंच डिझेल होतं, पदरचे पैसे घालून दिलेलं. मग मोठी ऑर्डर, २,००० लिटर, पैसे आधी आरटीजीएसने, १,५१,०४० रुपये. तेव्हा पंपावर भाव ९३ च्या आसपास होता म्हणजे तेवढ्याच मालाचे १,८६,००० झाले असते. वाचणार होते ३४,९६०.

लोभ केला म्हणणारे म्हणतील. त्यांनी आधी हिशोब बघावा. वीस टनी मशीन तासाला बारा-तेरा लिटर पितं, भाडं तासाला २,००० मिळतं, त्यातले निम्म्याहून जास्त डिझेलमध्येच जातात, उरलेल्यात ऑपरेटर, ग्रीस, बकेटचे दात, हप्ता. अशा वेळी लिटरमागे सतरा रुपये कमी म्हटल्यावर कोण विचार करणार नाही सांगा. आणि घरपोच डिझेल ही काही चोरीची गोष्ट नाही, २०१८ मध्ये पुण्यात तेल कंपनीनेच बाउझर, म्हणजे साईटवर डिझेल भरून देणारा टँकर, सुरू केला होता, आता ठिकठिकाणी फिरतात. त्यामुळे गाडी साईटवर आली यात मला काही वावगं दिसलं नाही.

दिसायला पाहिजे होतं ते बिलावर. हे बिल मी नंतर किती वेळा काढून बघितलं असेल. त्यावर डिझेल हा शब्द कुठेच नाही, बायोडिझेल पण नाही. "इंडस्ट्रियल ऑइल, एचएसएन २७१०, जीएसटी १८ टक्के". (एचएसएन म्हणजे जीएसटीतला मालाचा कोड.) अरे डिझेलवर जीएसटी असतोच कुठे! डिझेल जीएसटीच्या बाहेर आहे, त्यावर व्हॅट लागतो, आपल्याला इनपुट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही म्हणून या धंद्यातला प्रत्येक माणूस कितीतरी वर्षं ओरडतोय. मला हे पाठ आहे. आणि खऱ्या बी-१०० म्हणजे शंभर टक्के बायोडिझेलचा कोड ३८२६, त्यावर तेव्हा १२ टक्के होता. म्हणजे तो कागदच सांगत होता की हा माल दोन्हीपैकी काही नाही. पण माल देणारा आधीच बोलून गेला होता, "दादा, डिझेलवर इनपुट मिळत नाही, याच्यावर मिळेल", आणि मी बिलावर फक्त २३,०४० चा जीएसटीचा आकडा बघितला आणि तो परत मिळणार म्हणून खुश होऊन कागद फाईलला लावला. त्या एका ओळीवर बोट ठेवून दोन मिनिटं थांबलो असतो तर. राग त्या माणसाचा येतो तेवढाच त्या दोन मिनिटांचा येतो.

मी डोळे झाकून घेतलं असं मात्र कुणी म्हणू नये. हायड्रोमीटर माझा, जार माझा, डेन्सिटी मी स्वतः तपासली, तक्त्यावरून १५ डिग्रीला काढली, बरोबर आली. नंतर लॅबवाल्याने समजावलं की जड बेस ऑइल आणि हलकं टर्पेंटाईन किंवा रॉकेल प्रमाणात मिसळलं की डेन्सिटी हवी तिथे आणता येते. ती तपासणी पंपावर कामाची, कारण तिथे डेपोच्या चलनावरचा आकडा असतो आणि त्यापेक्षा घनमीटरला ३ किलोच्या वर फरक चालत नाही. चलनच नसेल तर तुलना कशाशी करणार? आणि फिल्टर पेपरवर थेंब टाकून डिझेल तपासणारे जे आहेत त्यांनी ते बंद करा, ती पेट्रोलची टेस्ट आहे.

ऑपरेटर म्हणाला होता, "मालक, रॉकेलसारखा वास येतोय." मी फोन लावला, तर समोरून उत्तर की बायोडिझेलचा वास असाच असतो. साफ खोटं. खऱ्या बायोडिझेलला तळणीच्या तेलासारखा वास येतो.

आधी सकाळी स्टार्टिंगला त्रास, मग पिकअप गेला, लोड घेतला की काळा धूर, मग इंजिन मिस मारायला लागलं. फिल्टर काढला तर आत काळा चिकट गाळ. नवीन टाकला, तोही चोक. मिस्त्रीने इंजेक्टर उघडल्यावर काही बोललाच नाही, नुसते ओरखडे दाखवले. कॉमन रेल इंजिन आहे, पंप दीड-दोन हजार बारचं प्रेशर करतो, आतल्या भागांमधली फट काही मायक्रॉनची आणि त्यांना वंगण फक्त डिझेलचंच. बीएस-६ डिझेलमधून सल्फर काढताना त्याचा वंगणपणा कमी होतो म्हणून रिफायनरी वेगळं अ‍ॅडिटिव्ह घालते. असल्या भेसळीत ते कोण घालणार? जुन्या मेकॅनिकल पंपाच्या मशीनवाले सांगतात आमचं तर याच्यावर वर्षभर चाललं. चाललं असेल. तुमच्या मशीनचं ऐकून कॉमन रेलवाल्याने टाकीत काही ओतू नका. डीईएफ (धूर साफ करायचं युरियाचं पाणी) लागणारी नवीन मशीनं असतील तर त्यांचं सायलेन्सरकडचं महागडं सामानही सल्फरने जाईल.

सहा इंजेक्टर १,७१,०००. हाय प्रेशर पंप ८६,४००. टाकी आणि लाईन धुणं, फिल्टर, मजुरी २३,७५०. काम थांबलं तर दंड लागला असता म्हणून दुसरं मशीन भाड्याने लावलं, ५६ तासांचे १,१२,०००. वर त्या तेलाचे १,५१,०४०. लॅबचा रिपोर्ट वेगळा, ९,४४० रुपये. रिपोर्टमध्ये सल्फर १,८४० पीपीएम, डिझेलला मर्यादा १०. फ्लॅश पॉइंट, म्हणजे तेलाची वाफ पेट घेते ते तापमान, ३१ डिग्री, किमान ३५ लागतो. एवढा स्पष्ट रिपोर्ट हातात आल्यावर मला वाटलं आता तो माणूस सुटत नाही.

आता ऑफिसांची कथा ऐका. पोलीस स्टेशनला म्हणाले माल मिळाला, बिल मिळालं, मग फसवणूक कसली, सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा. पुरवठा विभागात गेलो तर साहेब म्हणे बिलावर डिझेल लिहिलेलंच नाही, आमचा विषय नाही. मी म्हटलं डिझेल म्हणूनच विकलंय, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आहेत. तर म्हणे मग तुम्ही विनापरवाना डिझेल विकत घेतलंत, कारवाई तुमच्यावर पण होईल. म्हणजे तक्रार करणारा माणूसच आरोपी! बॅरलचा साठा किती हे पण मलाच विचारलं. मी कायदा वाचून गेलो होतो, अडीच हजार लिटरच्या आत आणि एकेक भांडं हजार लिटरच्या आत असेल तर लायसन्स लागत नाही, तेव्हा गप्प बसले. लॅब रिपोर्ट टेबलावर ठेवला तर हात पण लावला नाही, सॅम्पल आमच्या अधिकाऱ्याने काढलेलं नाही म्हणून ग्राह्य नाही. मग या ना काढायला, बॅरल यार्डात पडलेत! "स्टाफ नाही." वजनमापेवाले म्हणाले माप बरोबर आहे ना, मग झालं. १९३० ला फोन केला, तर ते ऑनलाईन फसवणुकीसाठी आहे. वकील म्हणाला ग्राहक मंचात धंद्यासाठीची खरेदी सहसा टिकत नाही, स्वतःच्या पोटापाण्यासाठी मशीन आहे हे आधी सिद्ध करावं लागेल. प्रत्येक टेबलवाला दुसरं टेबल दाखवतो आणि तो टँकर त्याच रस्त्याने दिवसाढवळ्या जातोय, नंबरप्लेटसकट, मी नंबर लिहून दिलाय, पोच पण घेतलीय, तरी काही नाही. "इंडस्ट्रियल ऑइल" हे दोन शब्द बिलावर लिहिले की अख्खं सरकार आंधळं होतं, हे त्या विकणाऱ्याला आपल्याआधी कळलंय.

आणि तो इनपुट? त्याने रिटर्नच भरलं नाही, माझ्या २बी मध्ये (जीएसटी पोर्टलवरची खरेदीच्या बिलांची यादी) बिल दिसलंच नाही, नंतर त्याचा जीएसटी नंबर रद्द झालेला दिसला. २३,०४० पण गेले.

बॅरलमधून टाकीत जाण्याआधी प्रत्येक खेपेचं एक लिटर सॅम्पल काढा, सील करा, देणाऱ्याची सही घ्या. सही द्यायला कां कू केली की गाडी परत पाठवा. बाउझरवाल्याकडे तेल कंपनीचं चलन आणि पेसोचं (ज्वलनशील मालाला परवाने देणारं केंद्राचं खातं) लायसन्स मागा. रस्त्याकडेला बायोडिझेलचा बोर्ड दिसला तर एवढं आठवा की सरकारच्या २०१८ च्या धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये फक्त ५ टक्के बायोडिझेल मिसळायचं लक्ष्य आहे आणि त्यालाच कच्चा माल पुरत नाही, मग या पत्र्याच्या शेडमध्ये हजारो लिटर कुठून येतंय? इंजिनच्या मॅन्युअलमध्ये किती टक्क्यांपर्यंत बायोडिझेल चालतं ते लिहिलेलं असतं, ऑपरेटरला नाही, मॅन्युअलला विचारा. वॉटर सेपरेटरमधलं पाणी रोज काढून टाका. पैसे आधी कुणालाच देऊ नका.

आता तोच माल नव्या फर्मच्या नावाने ७२ रुपयांनी फिरतोय, मला स्वतःलाच मेसेज आला, बिलाचा नमुना तोच. ज्यांनी घेतलाय त्यांनी बिल, आरटीजीएसची पावती आणि उरलेला माल जपून ठेवा, बॅरल रिकामे करू नका. वकील म्हणतोय चार-पाच जणांची एकत्र तक्रार आणि वेगवेगळ्या साईटची सॅम्पलं असली तर थेट मॅजिस्ट्रेटपुढे अर्ज करता येईल. माझी फाईल तयार आहे.