गॅस हीटर घेताय? आधी प्लेट बघा, मग पैसे सोडा

2,08,100 रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे "किती गेले हो?" विचारायला कुणाला फोन करायला नको. यात मेलेली पिल्लं आणि कापला गेलेला ग्रोइंग चार्ज, म्हणजे पक्षी वाढवून देण्याचे कंपनी देते ते पैसे, धरलेला नाही.

माझं दहा हजार पक्ष्यांचं पोल्ट्रीचं शेड आहे, कंपनीच्या करारावर. निफाडचा पारा पेपरात छापून येतो, आमच्या गावाचा येत नाही, पण गारठा तोच. पहिल्या आठवड्यात पिल्लाला 32-33 अंश लागतात आणि डिसेंबरात पहाटे बाहेर सात-आठ. इतकी वर्षं कोळशाच्या शेगड्यांवर काढली. रात्रभर माणूस जागा, राख, धूर, आणि आता कोळशाचा दरही परवडेना. अशा वेळी "डायरेक्ट फायर्ड गॅस हीटर, एकच मशीन, अख्खं शेड" असा व्हिडिओ ग्रुपवर फिरत आला. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. 1,85,000 चं मशीन "सीझन ऑफर"मध्ये 1,48,000 ला, निम्मे आधी, निम्मे गाडी दारात आल्यावर, आणि "शेवटचे दोनच पीस उरलेत".

चौकशी केली नाही असं कुणी म्हणू नका. केली. विकणाऱ्यांनी दोन शेतकऱ्यांचे नंबर दिले होते, दोघांनी मशीनचं तोंड भरून कौतुक केलं. ते दोघंही त्यांचीच माणसं होती हे मला स्वप्नात दिसणार होतं का? जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून पाहिला, चालू दाखवत होता. 24 ने सुरू होणारा, म्हणजे गुजरातचा. आपल्याकडचा 27 ने सुरू होतो. पण मशिनरी गुजरातेतून येणं यात नवल ते काय? निम्मी येतेच.

आता मशीनचं सांगतो, कारण खरी गोम तिथे आहे. या प्रकारच्या हीटरला चिमणी नसते. बर्नरची ज्योत पंख्याच्या हवेतच जळते आणि ती हवा सरळ शेडमध्ये सोडली जाते. उष्णता वाया जात नाही, हे खरं. पण ज्योतीतून जे काही निघतं ते सगळं पिल्लांच्याच नाकात जातं. एक किलो एलपीजी जळला की साधारण तीन किलो कार्बन डायऑक्साइड आणि दीड किलोच्या वर पाण्याची वाफ तयार होते. हे ज्योत नीट जळली तर. नीट जळली नाही तर वर कार्बन मोनॉक्साइड. म्हणून असा हीटर लावला की हवा खेळती ठेवायलाच लागते, एक्झॉस्ट थोडा थोडा चालवायलाच लागतो. आम्हाला सांगितलं काय, तर "पडदे पॅक करा, एक फट ठेवू नका, गॅस वाचेल". हे वाक्य तुम्हाला कुणी ऐकवलं तर त्याला तिथल्या तिथे दारापर्यंत पोचवा.

टेम्पो आला तो संध्याकाळी, आणि कंपनीची पिल्लांची गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे येणार होती. हे त्यांना माहीत होतं, मीच तारीख सांगितली होती. ड्रायव्हर म्हणतो, उरलेले 74,000 आल्याशिवाय उतरवायचं नाही, मला पुढे जायचंय. त्याच्याबरोबर त्यांचा "टेक्निशियन" आलेला. मी टेम्पोवर चढून मशीन पाहिलं. बाजूच्या पत्र्यावर छापील स्टिकर होता: एलपीजी, 60,000 किलोकॅलरी ताशी. स्टिकरचा एक कोपरा सुटलेला होता आणि त्याच्याखाली दुसरी, पत्र्याची प्लेट होती, तिच्यावर ठोकलेली इंग्रजी अक्षरं. मी नखाने कोपरा उचलायला गेलो, तर टेक्निशियनने तिथे तळहात टेकवला आणि म्हणाला, "शेठ, वॉरंटी सील आहे, फाटलं तर वॉरंटी गेली."

तो हात. वर्ष होत आलं तरी तो हात माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. वॉरंटी सील कधी मशीनच्या नावपट्टीवर असतं का? ते बोर्डाच्या झाकणाच्या स्क्रूवर असतं. घरच्या पंपाचं, मिक्सरचं, सगळ्याचं तसंच असतं, मला ठाऊक आहे. पण माझ्या जागी तुम्ही उभे राहून बघा: अंधार पडलेला, ड्रायव्हर गाडी चालू ठेवून बसलेला, शेडमध्ये तूस पसरून चिक गार्ड (पिल्लांभोवतीचं गोल कुंपण) लावून तयार, आणि जुन्या शेगड्या मी आधीच्याच आठवड्यात विकून टाकलेल्या. नाही म्हणून पिल्लांना ऊब कशाची देणार होतो? मी 74,000 सोडले. भाडं 6,500 वेगळं, बसवण्याचे 12,000, आणि पाइप, मॅनिफोल्ड (सिलिंडर एकत्र जोडणारी नळी), रेग्युलेटर मिळून 18,400, याची पावती हातानं लिहिलेली.

त्यानं दोन निळे सिलिंडर जोडले, 19 किलोचे, आणि मशीन चालू केलं. धडाधड पेटलं. ज्योत पिवळी, लांब, टोकाला काजळी सोडणारी. मी विचारलं, निळी नको का? तर म्हणे नवीन मशीन आहे, रंग जळतोय, उद्या निळी होईल. उद्या कसली निळी होतेय. ज्योत अशी पिवळी, काजळी सोडणारी दिसली की बहुतेक हवा कमी किंवा गॅस जास्त, दोन्हीपैकी एक.

पिल्लं आल्यावर पहिल्याच रात्री दोनच्या सुमारास मशीन बंद पडलं. सिलिंडरला हात लावला तर खालच्या अर्ध्या भागावर पांढरा बर्फ, बोट फिरवलं की रेघ उमटत होती. फोन केला तर म्हणे गॅस भेसळीचा आहे, एजन्सी बदला. एजन्सीवाला म्हणे मशीन खराब आहे. दोघं मिळून मला शहाणपण शिकवत होते आणि पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून ढीग करून बसली होती. सिलिंडरवर गरम पाण्याची पोती टाका हाही सल्ला मिळाला. पिल्लांपायी मी तोही केला.

हे गणित मला आता कळतं, ते इथे देऊन ठेवतो. 60,000 किलोकॅलरीच्या बर्नरला तासाला साडेपाच किलोच्या आसपास गॅस लागतो. सिलिंडरमधला द्रव स्वतःच्या उष्णतेवर वायू होतो, आणि गारठ्यात एक 19 किलोचा सिलिंडर सलग तासाला जेमतेम एखादा किलो देतो. त्याहून जास्त ओढला की तो गार पडत जातो, प्रेशर खाली येतं. त्यात आपल्याकडच्या एलपीजीत ब्युटेन भरपूर, आणि ब्युटेन शून्याच्या आसपास उकळायचंच थांबतं. म्हणजे दोन सिलिंडरवर हे मशीन पूर्ण ताकदीने चालणं शक्यच नव्हतं. पाच-सहा तरी लागले असते, नाहीतर व्हेपोरायझर, म्हणजे द्रव गॅस तापवून वायू करणारं यंत्र. आणि पाच सिलिंडर म्हणजे 95 किलो. सहावा ठेवला की 100 किलोच्या वर जातो आणि परवाना लागतो. हे कोटेशनमध्ये कुठे असतं? कुठेच नाही. सिलिंडर कमी पडतात म्हटल्यावर टेक्निशियन काय म्हणाला माहीत आहे? "घरचे लाल लावा शेठ, कोण बघतंय." घरगुती सिलिंडर धंद्यासाठी वापरणं गुन्हा आहे, आणि धाड पडली तर नाव माझं येणार, त्याचं नाही.

मग सुरू झाल्या व्हिजिटा. खरा धंदा तो होता, हे फार उशिरा लक्षात आलं. मशीन चालूच शकत नव्हतं, म्हणून दर वेळी काहीतरी "बदलायचं". बोर्ड बदलला, 8,500. फ्लेम सेन्सर बदलला, 4,200. सेन्सर म्हणजे ज्योतीत धरलेली बोटभर लांबीची कांडी. तिच्यावर काजळी बसली की तिला ज्योत "दिसत" नाही आणि मशीन लॉक होतं. बारीक पॉलिश पेपरनं हलक्या हाताने पुसली की काम होतं. जुनी कांडी त्यानं खिशात घातली आणि नेली. जुना पार्ट नेऊ देऊ नका, कधीच, कुणालाच. व्हिजिट चार्ज सगळे मिळून 10,500. शेवटच्या खेपेला त्यानं आत काहीतरी केलं आणि मशीन खरंच बंद पडेनासं झालं. मी त्याला चहा पाजला.

त्या रात्री शेडच्या पत्र्यावरून पाणी गळत होतं, बाहेर आभाळ निरभ्र. तूस ओलं होऊन पोळीसारखं थापलं गेलेलं, डोळे चुरचुरत होते, माझं डोकं ठणकत होतं. पिल्लं मात्र शांत होती. शांत म्हणून मला बरं वाटलं. सुस्त होती ती. सकाळी चिक गार्डच्या कडेनं मेलेली पिल्लं घमेल्यांनी भरून काढली. त्या आठवड्यात 1,140 गेली. पुढे चाळीस दिवसांच्या पक्ष्यांत पोटात पाणी होऊन मर चालूच राहिली. कंपनीच्या सुपरवायझरने "ब्रुडिंग मॅनेजमेंट खराब", म्हणजे पिल्लांना ऊब नीट दिली नाही, असं लिहून सही घेतली. ग्रोइंग चार्ज हातात पडला 41,300. एरवी सव्वा लाखाच्या घरात असतो.

बॅच गेल्यावर एमआयडीसीत बेकरीच्या भट्ट्यांचे बर्नर बघणारा एक ओळखीचा माणूस आणला. त्यानं आधी स्टिकर फाडला. खालच्या प्लेटवर स्पष्ट होतं: नॅचरल गॅस, 20 मिलिबार. नव्या मशीनच्या नावाखाली जुनं, बाहेरून रंग मारलेलं, पाइपच्या गॅसवर चालणारं यंत्र मला विकलं होतं. नॅचरल गॅसपेक्षा एलपीजीत घनमीटरमागे अडीचपट उष्णता असते, म्हणून एलपीजीचं जेट, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणारं तोंड, बारीक भोकाचं लागतं. यात मोठ्या भोकाचं तसंच होतं. म्हणून ती पिवळी ज्योत, म्हणून काजळी, म्हणूनच सिलिंडर इतक्या लवकर गोठत होते. मग त्यानं पॅनेल उघडून मला दाखवलं: एअर प्रेशर स्विचच्या दोन टर्मिनलवर लाल वायरचा तुकडा आडवा जोडलेला. पंखा नीट हवा देत नसेल तर गॅस बंद करणारा तो स्विच. त्यालाच शॉर्ट केलेला. मशीन "बंद पडेनासं" झालं ते असं. तो म्हणाला, "शेड पेटलं नाही हे तुमचं नशीब." यासाठी मी चहा पाजला होता.

आता पोलिसांचं. ठाण्यात पहिला प्रश्न: "मशीन मिळालं का?" मिळालं. "मग फसवणूक कसली? सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा." मी म्हटलं, साहेब, प्लेट झाकून विकलंय, हा फोटो बघा. फोटो बघितला, अर्ज घेतला, पोच द्यायला मात्र "साहेब बंदोबस्ताला गेलेत". पुढच्या खेपेला अर्ज सापडेना, नवा लिहा. त्यापुढच्या खेपेला "पार्टी गुजरातची, आमच्या हद्दीत येत नाही". पैसे माझ्या बँकेतून गेले, माल माझ्या दारात उतरला, पिल्लं माझ्या शेडमध्ये मेली, हद्द कुणाची मग? सायबरला गेलो तर म्हणे वस्तू पोचली आहे, हा ऑनलाइन फ्रॉड नाही. बँक म्हणे तुम्हीच पाठवलेत. पशुसंवर्धनवाले म्हणे यंत्र आमच्याकडे येत नाही, मर झाली तर पोस्टमार्टेमचा दाखला आणा. पिल्लं पुरून झाल्यावर दाखला कशाचा आणू? ग्राहकांच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, ती "विक्रेत्याकडून प्रतिसाद नाही" या शेऱ्यावर बंद झाली. अरे, प्रतिसाद दिला असता तर तुमच्याकडे कशाला आलो असतो! प्रत्येक टेबलावर मला एकच ऐकवलं गेलं, की तुम्ही आधी नीट बघायला हवं होतं. ते बघायची साधनं आणि कायदे ज्यांच्या हातात आहेत तेच हे सांगतात.

वकिलानं जे सांगितलं ते माहीत असू द्या, ठाण्यात कुणी सांगत नाही. फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये येते. हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही, झिरो एफआयआरची, म्हणजे हद्द कुठलीही असो तक्रार नोंदवून घेण्याची, तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्येच आहे. ठाण्यात घेतली नाही तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवता येते. मी रजिस्टरनं पाठवली आणि तेव्हा कुठे ठाण्यातून मला फोन आला, आवाजही बदललेला. ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. समोरचा "धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहकच नाही" म्हणणार. स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी स्वयंरोजगार असेल तर ग्राहक धरतात, हे 2019 च्या कायद्यातच आहे. माझ्या नोटिशीचं पाकीट मात्र "पत्ता सोडून गेले" असा शेरा घेऊन परत आलं.

आणि हे: प्लेटचा फोटो आधी मागवा, त्यावर गॅसचा प्रकार, इनलेट प्रेशर (आत येणाऱ्या गॅसचा दाब) आणि क्षमता नसेल तर बोलणं तिथेच थांबवा. तासाला किती किलो गॅस आणि किती सिलिंडर, हे कोटेशनवर लिहून घ्या. बसवून झाल्यावर त्याच्यादेखत पंख्याचा प्लग काढा, गॅस आपोआप बंद झाला पाहिजे. सांधे साबणाच्या पाण्यानं तपासा, काडी ओढून नव्हे. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून गॅस अलार्म जमिनीलगत लावा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा असतो, तो पण घ्या, माझ्या 8,500 च्या बोर्डापेक्षा खूप स्वस्तात मिळतो. उरलेले पैसे एक रात्र मशीन चालल्यावर. ड्रायव्हर ओरडला तर ओरडू दे. आणि मशीन चालेपर्यंत शेगड्या विकू नका.

भंगारवाला 9,000 द्यायला तयार आहे. वकील म्हणतो पुरावा आहे, हलवायचं नाही, त्यामुळे ते शेडच्या दारात अडगळ करून पडलंय आणि पिल्लं पुन्हा कोळशावर. 24 ने सुरू होणाऱ्या जीएसटी नंबरचं बिल आणि स्टिकरखाली दुसरी प्लेट, असं मशीन आणखी कुणाकडे असेल तर कळवा. एकट्याच्या अर्जाला "सिव्हिल मॅटर" म्हणतात, पाच-दहा जणांचे अर्ज एकदम गेले की काय म्हणतात ते बघायचंय.