कासवाचं आजारी पिल्लू आणि त्याच्यासाठी घेतलेलं सामान: एक पावसाळा, एक हिवाळा वापरल्यानंतर

चार-पाच सेंटिमीटरचं हिरवं पिल्लू, डोळ्यामागे लाल पट्टा. दुकानात ज्याला नुसतं ‘टर्टल’ म्हणतात ते बहुतेक वेळा हेच, रेड इअर्ड स्लायडर. ते खात नाही अशी तक्रार घेऊन गेलात की आधी दुसऱ्या कंपनीचे दाणे मिळतात, मग भुकेचे थेंब, मग पाणी निळं करणारी बाटली. हे सगळं वापरून झाल्यावर आमचं मत असं: पिल्लाला पहिल्यांदा अन्न नव्हे, ऊब लागते. म्हणून पैसे ज्या क्रमाने खर्च करावेत त्याच क्रमाने खाली लिहिलंय, दुकानातल्या क्रमाने नाही.

सगळ्यात आधी थर्मामीटर. वायरच्या टोकाला प्रोब (तापमान मोजणारं टोक) असलेला डिजिटल घ्या. काचेवर बाहेरून चिकटवायची रंग बदलणारी पट्टी पाण्याचं कमी आणि खोलीचं जास्त सांगते. आमच्याकडची पट्टी हिवाळ्यात सरळ दोन अंश चुकत होती. प्रोबची खात्री करायची तर बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी ग्लासात कालवून त्यात बुडवा, शून्याच्या आसपास आकडा यायला हवा. पिल्लाला पाणी २६ ते २८ अंश लागतं, आजारी असेल तर २८-२९. पुण्यात डिसेंबरच्या रात्री बंद खोलीतलं टाकीचं पाणीही विशीच्या आसपास उतरतं. मुंबईकरांना हा प्रश्न आपला वाटत नाही, पण एसी २४ वर लावलेल्या बेडरूममध्ये पाणी बाष्पीभवनामुळे त्याच्याही खाली जातं. कासवाचं शरीर स्वतः उष्णता तयार करत नाही. पाणी गार झालं की पचन मंदावतं, भूक जाते, संसर्गाशी लढण्याची ताकदही कमी होते. अशा वेळी पोटात गेलेलं अन्न तसंच पडून राहतं, त्यामुळे गारठलेल्या पिल्लाला आग्रहाने भरवणं उलट धोक्याचं.

हीटरचा साधा हिशेब लिटरमागे एक वॉट. ४०-५० लिटरच्या टाकीला ५० वॉट पुरतो. स्वस्त हीटर काही शेकड्यांत मिळतो आणि काम करतो, पण त्याच्या डोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. आमच्या एकावर २६ लावलं की पाणी २९ व्हायचं. आतला थर्मोस्टॅट (तापमान पाहून वीज जोडणारा-तोडणारा भाग) ‘चालू’ स्थितीतच चिकटला तर छोट्या टाकीतलं पाणी काही तासांत पिल्लाचा जीव घेण्याइतकं तापतं. उपाय म्हणजे वेगळा टेम्परेचर कंट्रोलर. त्याचा प्रोब पाण्यात, हीटरचा प्लग कंट्रोलरमध्ये. कंट्रोलरवर २८, हीटरवर ३० लावायचं: एक बिघडला तरी दुसरा वीज तोडतो. सगळ्या खरेदीत आम्ही याला सर्वाधिक गुण देऊ. एकच काळजी घ्या, प्रोब पाण्याबाहेर निसटला तर कंट्रोलरला पाणी गारच वाटत राहतं, म्हणून तो दोन सक्शन कपांनी बसवा. हीटरला प्लॅस्टिकची जाळी हवीच, काच आणि हीटर यांच्या फटीत पिल्लू अडकून बुडतं. पाणी बदलण्याआधी प्लग काढून दहा-पंधरा मिनिटं थांबा, तापलेली नळी उघडी पडली की तडकते.

आता खरी अडचण. अशक्त पिल्लाला उथळ पाणी लागतं, कवचाच्या उंचीच्या दीडपट-दुप्पट, म्हणजे मान वर केली की नाक बाहेर. एवढ्या पाण्यात हीटर बुडतच नाही. यावर सोपी युक्ती आहे: मोठ्या टबात हीटर आणि पाणी, त्यात उभा केलेला दोन-तीन लिटरचा प्लॅस्टिकचा डबा, आणि त्या डब्यात उथळ पाण्यात पिल्लू. डबा तरंगू नये म्हणून कडेला वीट लावा, आणि बाहेरच्या पाण्याची पातळी डब्याच्या काठापेक्षा चांगली खाली ठेवा. आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा साधारण एक अंश कमी राहतं, तेवढं कंट्रोलरवर वाढवून घ्यायचं. प्रोब बाहेरच्या टबात, थर्मामीटर आतल्या डब्यात. डब्याच्या एका बाजूला चढता येईल असा खडबडीत दगड, कारण कासवाला पूर्ण कोरडं होता आलंच पाहिजे. आतलं पाणी रोज बदला, घाण झाली तर दोनदा. नवं पाणी ओतण्याआधी त्याच तापमानावर आणा. डब्यावर अर्धं झाकण ठेवलं की वरची हवाही उबदार राहते. कोमट पाण्यावर गार हवा हे फुप्फुसांच्या संसर्गाला आमंत्रण असतं.

दिव्यांबाबत बाजारात सर्वाधिक फसवणूक चालते. दोन वेगळी कामं आहेत. एक उष्णतेचं: दगडावर ३२ ते ३५ अंश, त्यासाठी २५ ते ४० वॉटचा साधा हॅलोजन किंवा पिवळा बल्ब पुरतो, उंची थर्मामीटर पाहून ठरवायची. दुसरं यूव्हीबीचं, म्हणजे उन्हात असतात त्या अतिनील किरणांचं. त्वचेत डी३ जीवनसत्त्व त्याच किरणांनी तयार होतं आणि त्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम कवचापर्यंत पोचत नाही. पाकिटावर ‘यूव्हीए यूव्हीबी’ छापलेला, तंतू असलेला आणि हाताला चटका देणारा स्वस्त बल्ब फक्त गरम होतो, त्यातून उपयोगाचं यूव्हीबी येत नाही. खरं यूव्हीबी देणारी फ्लुरोसंट ट्यूब किंवा सीएफएलसारखा ५.० दर्जाचा (पाकिटावर छापलेला यूव्हीबीच्या प्रमाणाचा आकडा) दिवा लागतो. एक्झो टेरा, झू मेड यांचे भारतात मागवता येतात, हजाराच्या वर जातात. सीएफएल प्रकारचा दिवा दगडापासून २० ते ३० सेंटिमीटरवर, मध्ये काच किंवा अॅक्रिलिक नको, त्यातून हे किरण जातच नाहीत. दिवसाला १० ते १२ तास, रात्री बंद. दिवा चालू दिसतो तरी त्यातलं यूव्हीबी उतरत जातं, म्हणून सीएफएल सहा महिन्यांनी, ट्यूब वर्षाने बदलायची. बुडावर लावल्याची तारीख लिहून ठेवा.

ऊन फुकट आहे आणि कोणत्याही दिव्यापेक्षा सरस आहे, पण बंद खिडकीच्या काचेतून आलेलं उपयोगाचं नाही. सकाळचं आठ-नऊचं ऊन पंधरा-वीस मिनिटं, पसरट टबात, अर्ध्या भागावर सावली. काचेची टाकी उन्हात ठेवू नका, पाणी बघता बघता तापतं. वर जाळी टाका आणि तिथून हलू नका. कावळ्याला एवढंसं पिल्लू उचलायला वेळ लागत नाही.

हे सगळं बसल्यावर दोन-तीन दिवस नुसती ऊब द्या, मग खाणं समोर ठेवा. पाण्यातलं कासव पाण्यातच गिळतं, दगडावर ठेवलेला दाणा तसाच राहतो. आजारी पिल्लू सुरुवातीला हलणाऱ्या गोष्टीलाच तोंड लावतं: गोठवलेले ब्लडवर्म (माशांना देतात त्या लाल अळ्या) वितळवून चिमट्याने पाण्यात हलवायचे किंवा खत न घातलेल्या मातीतलं गांडूळ धुऊन त्याचे बारीक तुकडे करायचे. ते खाऊ लागलं की ब्लडवर्म वितळवलेल्या पाण्यात भिजवलेले दाणे मिसळायचे आणि हळूहळू दाण्यांवर आणायचं. दिवसातून एकदा, पिल्लाच्या डोक्याएवढं प्रमाण, उरलेलं अर्ध्या तासात काढून टाकायचं. हिकारी किंवा टेट्राचे कासवांसाठीचे दाणे आम्हाला बरे वाटले, पाण्यात लवकर विरघळत नाहीत. सुट्या पिशवीतले, तारीख नसलेले दाणे घेऊ नका, जुन्या दाण्यांतली जीवनसत्त्वं गेलेली असतात. वाळलेल्या गॅमरस कोळंबीचा डबा सगळीकडे मिळतो आणि पिल्लांना आवडतोही, पण फक्त त्यावर वाढवलेल्या पिल्लात ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता येते. तो डबा म्हणजे फरसाण, जेवण नव्हे. घरातली सुकट, भात, पाव, पनीर यांतलं काहीच नको.

कॅल्शियमसाठी पांढरे कासवाच्या आकाराचे ठोकळे विकतात. त्यांतले बरेचसे प्लास्टरचे असतात आणि पाण्यात भुगा होऊन पाणी गढूळ करण्यापलीकडे काही करत नाहीत. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस (कटलफिश या समुद्री प्राण्याचं पांढरं हलकं हाड) मिळतो, तो घ्या, मागचा कडक पापुद्रा काढून तुकडा पाण्यात सोडा. पिल्लू लगेच कुरतडेल असं नाही, पण तो स्वस्त आहे आणि त्याने अपाय होत नाही.

डोळे सुजून मिटले असतील तर न खाण्याचं कारण बऱ्याचदा तेच असतं, पिल्लाला अन्न दिसत नाही. मागे ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता असते, घाण पाणी किंवा संसर्ग असतो, कधी तिन्ही. घरात पडलेले माणसाचे डोळ्यांचे थेंब घालू नका, त्यात स्टेरॉइड असू शकतं. ‘अ’ जीवनसत्त्वाचे थेंब अंदाजाने पाजणंही नको, जादा झालं तर कातडी सोलून निघते. आणि एक गोष्ट ठळक अक्षरात लिहिण्यासारखी: गोचीड-जंतांसाठी कुत्र्यांना दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन कासवांना मारक आहे. कासवांचा अनुभव नसलेल्या ठिकाणी गेलात तर इंजेक्शनचं नाव आधी विचारून घ्या. निळ्या औषधाच्या बाटलीने आमच्याकडे टाकीचं सिलिकॉन तेवढं रंगलं.

वजनकाटा दागिन्यांचा, ०.१ ग्रॅम दाखवणारा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा इथे निरुपयोगी, कारण पिल्लूच दहा-बारा ग्रॅमचं असतं आणि त्यातला एक ग्रॅम म्हणजे आठ-दहा टक्के. अंग टिपून, एकाच वेळी, एक दिवसाआड वजन घ्या आणि लिहा. दोन दिवस खाल्लं नाही यापेक्षा आठवड्यात वजन किती उतरलं हे डॉक्टरांना जास्त सांगतं.

नुकतंच आणलेलं पिल्लू बुजरेपणाने आठवडाभर कमी खाऊ शकतं. अंड्यातून ताजं निघालेलं असेल, पोटाखाली बलकाची पिशवी दिसत असेल, तर सुरुवातीचे काही दिवस ते खातही नाही. पण तापमान आणि दिवे ठीक असूनही चार-पाच दिवस तोंड लावलं नाही तर वाट पाहू नका. पोहताना एका बाजूला कललं, नाकातून बुडबुडे येतात, तोंड उघडून मान ताणून श्वास घेतं, तोंडात पिवळसर थर आहे, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्य, तोही पक्षी-सरपटणारे प्राणी बघणारा. फुप्फुसांच्या संसर्गावर अँटिबायोटिक इंजेक्शनं लागतात आणि ती बहुधा पुढच्या पायात दिली जातात. तोंड जबरदस्तीने उघडून भरवणं घरी करू नका, जबडा मोडतो. नळीने भरवायचं काम डॉक्टरांचं. नेताना पाण्यात नको, ओल्या मऊ कापडावर हवेची भोकं असलेल्या डब्यात, गारठा असेल तर बाहेरून कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून. सोबत टाकीचा फोटो, तापमानाच्या नोंदी आणि दाण्यांचं पाकीट न्या.

फिल्टरबद्दल थोडक्यात: एअरपंपावर चालणारा स्पंज फिल्टर. मोटरवाल्या फिल्टरचा झोत अशक्त पिल्लाला दमवतो आणि फिल्टरच्या तोंडाशी पिल्लाचा पाय चिकटतो. अमोनियाचं टेस्ट किट असलेलं बरं, आकडा शून्यच हवा. नळाचं पाणी क्लोरीनविरोधी थेंब घालून वापरा.

हात साबणाने धुणं आणि टाकी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये न धुणं हे नियम सक्तीचे. कासवाच्या अंगावर साल्मोनेला हे जुलाब-ताप आणणारे जंतू असू शकतात. अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून छोट्या कासवांची विक्री याच कारणाने बंद आहे. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर पिल्लू हाताळायला देऊच नका.

पिल्लू लाल पट्ट्याचं नसेल तर आधी ओळख पटवा. चांदण्यांसारखी नक्षी असलेलं स्टार कासव किंवा आपल्या नद्यांतली कासवं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, ती घरी ठेवता येत नाहीत. महाराष्ट्रात अशा वेळी वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. आणि रेड इअर्ड स्लायडर बरं झालं, बशीएवढं वाढलं आणि नकोसं झालं तरी तळ्यात किंवा विहिरीत सोडायचं नाही. ते मूळचं अमेरिकेतलं, इथल्या कासवांच्या जागा आणि अन्न बळकावतं.

वीज जाण्याचं बोलायचं राहिलं. घरच्या इन्व्हर्टरवर ५० वॉटचा हीटर आरामात चालतो, फक्त तो प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे ना ते तपासा. इन्व्हर्टर नसेल तर टब जाड चादरीत गुंडाळा, पण श्वासासाठी वरची बाजू पूर्ण बंद करू नका, आणि बाहेरच्या टबात गरम पाण्याच्या बंद बाटल्या ठेवा. गरम पाणी थेट पिल्लाच्या डब्यात ओतायचं नाही. पाणी तासाला एका अंशाहून जास्त न चढवता २८ वर न्यायचं. लाइट परत आले की हीटर चालू आहे का हे दिव्यावरून नव्हे, थर्मामीटरवरून बघा.