हिवाळी अधिवेशन, नागपूर: विद्यार्थ्यांच्या कामाचं किती?

वर्षातून एक अधिवेशन नागपुरात, असं १९५३च्या नागपूर करारात ठरलं. त्यामुळे डिसेंबरात अख्खं विधिमंडळ सिव्हिल लाइन्समध्ये उतरतं आणि इथल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला बहुतेकदा बॅरिकेड आणि वळवलेली बस येते. सेवा म्हणून पाहिलं तर पाचपैकी तीन तारे. दोन कापले ते वेळापत्रकासाठी.

हल्ली सगळं आठवड्या-दोन आठवड्यांत आटोपतं. तारांकित प्रश्नाची, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात त्याची, सूचना आमदाराला त्याच्या कितीतरी आधी द्यावी लागते. म्हणजे डिसेंबरात निवेदन घेऊन गेलेल्यासाठी फार तर लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) किंवा औचित्याचा मुद्दा (आमदाराने सभागृहात थोडक्यात मांडलेला विषय) उरतो, तोही त्या दिवशी सभागृह चाललं तर. म्हणून उलटं मोजत या. माहिती अधिकाराच्या उत्तराला ३० दिवस, तेव्हा अर्ज ऑगस्टअखेर टाका: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर १५० शब्दांत. ‘शिष्यवृत्ती का रखडली?’ असं विचारलं की हाती काही येत नाही, कारण कार्यालयाला नोंदीतलं द्यायचं असतं, खुलासा नव्हे. ‘अमुक वर्षी जिल्ह्यात किती अर्ज आले, किती मंजूर, किती प्रलंबित, कोणत्या टप्प्यावर’ असं विचारा. तो आकड्यांचा कागद सोबत असला की आमदारांचा पीए स्वतःहून खुर्ची पुढे करतो, कारण प्रश्न अर्धा तयारच असतो.

निवेदन एका पानाचं. विषयाच्या ओळीतच ठिकाण आणि आकडा, मागणी एकच. पंधरा मागण्यांचं निवेदन वजनाला सगळ्यात हलकं. दोन प्रती न्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेऊनच निघा. साहेबांसोबतचा फोटो म्हणजे पोच नव्हे! शिफारसपत्र मिळालंच तर शेवटचं वाक्य वाचा. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ एवढंच असेल तर ते फायलीत निजतं. ‘केलेल्या कार्यवाहीचा अहवाल मला पाठवावा’ असं लिहून मागा, मग अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

काय नेऊ नये तेही सांगतो. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरचा अर्ज कॉलेजच्याच लॉगिनवर अडकला असेल, तर ते काम कॉलेजच्या बाबूचं. खात्याला आधार जोडलेलं नसल्यानं पैसे परत गेले असतील, तर बँकेत जा. रस्त्यावरच्या दिव्यासाठी मनपाचं झोन कार्यालय. एकट्याचं नव्हे, शे-दोनशे जणांचं घोडं एकाच टेबलावर अडलं असेल तेव्हा आमदार.

गडचिरोली, गोंदियाहून येऊन इथल्या वसतिगृहात राहणाऱ्यांची खरी पंचाईत. शहरात विधानसभेचे सहा आमदार, पण ‘मतदार कुठले?’ या पहिल्याच प्रश्नावर बोलणं थांबतं. त्यांच्यासाठी हे अधिवेशन खरंच सोयीचं आहे: गावाकडचा आमदार त्या दिवसांत नागपुरात असतो, मुक्कामाचं ठिकाण आमदार निवास. सभागृह सुरू होण्याआधी, सकाळी गाठा. दुसरा रस्ता विधान परिषदेच्या नागपूर विभाग पदवीधर मतदारसंघाचा. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हे सहाही जिल्हे त्या एका आमदाराकडे, त्यामुळे गावचा की शहरातला हा वादच मिटतो. तिथे मतदार व्हायला पदवीनंतर तीन वर्षं लागतात आणि नोंदणीचा अर्ज, म्हणजे नमुना १८, भरावा लागतो. यादी दर निवडणुकीला नव्याने होते, जुनं नाव चालत नाही.

प्रेक्षक गॅलरीचा पास सदस्याच्या शिफारशीवर मिळतो. ओळखपत्र जवळ ठेवा. मोबाइल आत नेता येत नाही. बसायचं तर प्रश्नोत्तराच्या तासाला, आणि त्या दिवसाची प्रश्नांची यादी विधिमंडळाच्या संकेतस्थळावरून छापून घेऊन. नाहीतर काही कळत नाही: प्रश्न वाचून दाखवत नाहीत, क्रमांक पुकारतात, छापील उत्तर पटलावर ठेवलं जातं आणि थेट उपप्रश्न सुरू. खरी गंमत उपप्रश्नांतच. मंत्री ‘करण्यात येईल’ म्हणाले की ‘तपासून घेऊ’ म्हणाले, हे शब्द नेमके टिपा. ‘करण्यात येईल’ हे आश्वासन ठरतं, त्याचा पाठपुरावा विधिमंडळाची आश्वासन समिती करते. प्रश्न क्रमांक आणि तारीख लिहून घ्या. पुढच्या निवेदनाचा विषय तोच.