ब्योमकेश बक्षी क्रमाने वाचताना: आठ महिन्यांनंतर

दूरदर्शनवरची १९९३ची बासू चॅटर्जींची मालिका मनात इतकी ठसलेली की गुन्ह्यांची उकल करणारा बंगाली ब्योमकेश म्हटलं की रजित कपूरच दिसायचा. मूळ कथा वाचाव्यात असं कधी सुचलंच नाही. बंगाली येत नाही, म्हणून हिंदी-इंग्रजी अनुवाद मिळवले आणि गेले आठ महिने झोपण्याआधी तेच चाललंय.

सुरुवातच फसली. हाती आलेला संग्रह कसाही लावलेला. एका कथेत ब्योमकेशला बायको-मुलगा, तर पुढच्या कथेत गडी मेसमध्ये राहणारा सडाफटिंग! शेवटी वैतागून कथांची यादी काढली, पहिल्यापासून वाचायला घेतलं, आणि मग गोडी लागली. कारण शरदिंदु बंद्योपाध्यायांचा हा नायक वयाने वाढतो. 'अर्थमनर्थम्'मधल्या खुनात ज्याच्यावर संशय येतो त्याची बहीण सत्यवती. पुढे तीच ब्योमकेशची बायको होते, आणि मग कथा सांगणारा मित्र अजित, ब्योमकेश, सत्यवती या तिघांच्या घरातल्या चहा, टोमणे, रुसवेफुगवे यांची आपण खुनापेक्षा जास्त वाट पाहू लागतो. निदान मी तरी.

कलकत्ताही बदलत जातं. १९३२च्या 'पथेर काँटा'त भर रस्त्यात माणसं मरतात, काळजात ग्रामोफोनची पिन रुतून. धागा सापडतो तो वर्तमानपत्रातल्या एका चमत्कारिक छोट्या जाहिरातीत. (तेव्हापासून छोट्या जाहिराती मीही वाचतो. अजून काही सापडलेलं नाही.) 'आदिम रिपु'त त्याच शहरात दंगली पेटलेल्या, स्वातंत्र्य उंबरठ्यावर. मधे खंड आहे तो वेगळाच. १९३०च्या दशकात दहा कथा लिहून शरदिंदु मुंबईला सिनेमासाठी लिहायला आले आणि ब्योमकेश थेट १९५१ साली 'चित्रचोर'मधून परतला. हा खंड वाचताना जाणवतो. नंतरच्या कथा जास्त सावकाश आणि जास्त कडवट आहेत.

आता तक्रारी. कोडं म्हणून सगळ्याच कथा पक्क्या नाहीत. दोन-तीनदा खुनी मला निम्म्यातच कळला. 'चिडियाखाना'त गुलाब कॉलनीतली माणसं इतकी, की कागदावर नावं लिहून घ्यावी लागली, पण निवृत्त न्यायाधीशाला कुणीतरी मोटारीचे सुटे भाग पाठवतंय ही सुरुवात लाजवाब. शेवटच्या काही कथांत अजितकडून निवेदन काढून घेतलंय. तिथे मला घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. अनुवादांपैकी हिंदी जास्त जमतात. इंग्रजीत सत्यवतीच्या बोलण्यातला खट्याळपणा सपाट होतो.

अनपेक्षित लाभ झाला तो 'शैलरहस्य'चा. शरदिंदु पुढे पुण्यातच स्थायिक झाले होते, हे मला ठाऊकच नव्हतं. या कथेत ब्योमकेश महाबळेश्वरच्या सह्याद्री हॉटेलात थंडीने कुडकुडत अजितला पत्रं लिहितो, आणि भुतावर विश्वास न ठेवणाऱ्या या माणसाच्या खोलीत भूत येतं! स्वतःला डिटेक्टिव्ह न म्हणवता सत्यान्वेषी म्हणवणाऱ्याची ही फजिती मी दोनदा वाचली.

नवख्यांनी 'सत्यान्वेषी'पासून सुरू करावं. ती लिहिली गेली 'पथेर काँटा'नंतर, पण अजित-ब्योमकेशची ओळख तिथेच होते, तीही ब्योमकेश खोटं नाव सांगून मेसमध्ये राहायला येतो तेव्हा. माझी आता एकच उरलीय, 'विशुपाल वध'. १९७०मध्ये शरदिंदु गेले आणि ती अर्धीच राहिली. खुनी कोण ते कळणार नाही हे माहीत असूनही रविवारी वाचायला घेणार आहे.