रीफाइंड बूट मॅनेजर: एक पार्टिशन नाही वाचता आलं तरी मेनू येतोच

मानेवाड्याला माझ्या मावसभावाचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, पीसीवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही, चालू करताना कोणतं हवं ते विचारणारा मेनू (बूट मॅनेजर) तेव्हा ग्रब नावाचा होता. ऐन अ‍ॅडमिशनच्या दिवसात हार्डडिस्क आवाज करायला लागली म्हणून मी एसएसडी टाकून दिली, ईएफआय पार्टिशन (पीसी चालू व्हायला लागणाऱ्या फाईलींचा डिस्कवरचा छोटा भाग) आणि विंडोज जसंच्या तसं उचललं, लिनक्सचं पार्टिशन मात्र नव्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून लिनक्स थेट चालतं) ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाईलसिस्टममध्ये (डिस्कवर फाईली मांडायची पद्धत) फॉरमॅट करून त्यात फाईली कॉपी केल्या. चालू केलं तर काळ्या स्क्रीनवर "अननोन फाईलसिस्टम" आणि खाली ग्रब रेस्क्यू, म्हणजे मेनूऐवजी नुसती कमांड टाकायची जागा. बाहेर पोट्टे लायनीत उभे. भाऊ म्हणे, दादा, विंडोज तर वेगळ्या पार्टिशनवर आहे ना, मग ते काऊन नाही येऊन राहिलं?

प्रश्न एकदम बरोबर होता. मी एफ१२ दाबून पीसीच्या स्वतःच्या बूट मेनूतून विंडोज काढून दिलं, पण मी नसतो तर त्याचा अख्खा दिवस गेला असता.

रात्री शोधलं. फॉरमॅट करणारं टूल ई२एफएसप्रॉग्ज १.४७.० होतं, फेब्रुवारी २०२३ चं, ते मेटाडेटा_सीसम_सीड नावाचं फीचर आपोआप चालू करतं, आणि ग्रब होता २.०६, त्याला हे फीचर माहीतच नाही (२.१२ मध्ये सपोर्ट आला). ईएक्सटी४ मध्ये असं "इनकम्पॅट" फीचर ओळखीचं नसेल तर ड्रायव्हरने (फाईलसिस्टम वाचणाऱ्या प्रोग्रॅमने) पार्टिशनला हात लावायचा नाही हा नियमच आहे, त्यामुळे ग्रबने नकार दिला हे योग्यच. मला खटकलं ते पुढचं. ग्रबचा ईएक्सटी ड्रायव्हर आतमध्ये "न चालणारी फीचर्स आहेत" असा नीट एरर देतो, पण ग्रब तो पुसून पुढचा ड्रायव्हर लावून बघतो, सगळे संपले की शेवटी फक्त "अननोन फाईलसिस्टम" उरतं, म्हणजे खरं कारण माहीत असून माणसापर्यंत पोचत नाही. आणि मेनूची फाईल त्याच पार्टिशनवर, म्हणून विंडोजचं नावही दिसत नाही. ट्यून२एफएस या कमांडने ते फीचर बंद केलं, ग्रब लगेच आला.

तरी मी पुढे ग्रबच्या आधी येणारा दुसरा बूट मॅनेजर, रीफाइंड, बसवला आणि महिनाभरापासून तोच चालू आहे. हा स्वतः, याची सेटिंग आणि ड्रायव्हर सगळं ईएफआय पार्टिशनवर राहतं, ते फॅट फाईलसिस्टमचं असतं आणि फर्मवेअरला (मदरबोर्डमधल्या प्रोग्रॅमला) फॅट वाचता येतंच. ईएक्सटी४, बीटीआरएफएस वगैरे फाईलसिस्टमचे ड्रायव्हर सुट्या फाईली आहेत, वाचण्यापुरतेच, डिस्कवर काही लिहीत नाहीत. यूईएफआय या फर्मवेअरच्या पद्धतीत ड्रायव्हरला आधी विचारतात, हे पार्टिशन तुला जमेल का, नाही म्हणाला तर ते पार्टिशन सोडून पुढे, बाकी काही अडत नाही. मी मुद्दाम ड्रायव्हरचं फोल्डर दुसऱ्या नावाने ठेवून रीस्टार्ट केलं, तर लिनक्स कर्नलचा (ग्रबशिवाय लिनक्स थेट चालू करणारा) आयकॉन गेला, विंडोज आणि ग्रबचे दोन्ही तिथेच होते. भावाला तेवढंच पाहिजे होतं.

तक्रार आहे, आणि ती लहान नाही. आयकॉन का गेला हे रीफाइंड स्क्रीनवर सांगतच नाही, ज्याला माहीत नाही त्याला वाटेल लिनक्सच उडालं. सेटिंगमध्ये लॉग_लेव्हल १ केलं की ईएफआय पार्टिशनवर लॉगची फाईल बनते, पण ती कोण उघडणार? मेनूखाली "या पार्टिशनला ड्रायव्हर चालला नाही" एवढी एक ओळ आली असती तरी खूप झालं असतं. सिक्युअर बूट (फक्त साइन केलेले प्रोग्रॅम चालू देणारी सेटिंग) चालू असेल तर ड्रायव्हरच्या फाईलीसुद्धा साइन केलेल्या लागतात, त्यात माझी एक संध्याकाळ गेली.

५ पैकी ४. ड्रायव्हर सगळेच टाकू नका, बूट हळू होऊ शकतं, रीफाइंडचा इन्स्टॉलर बूट फोल्डरला लागेल तोच टाकतो तेवढा पुरतो. पेनड्राइव्ह नंतर लावला असेल तर मेनूवर एस्केप दाबा, परत स्कॅन होतं, हे भावाने मॉनिटरला चिठ्ठी लावून ठेवलंय.