भिगवणची होडी: रोहित बघा आणि कैकरसाठी थांबा

फेब्रुवारीत भिगवणजवळच्या कुंभारगावला पक्षी बघायला जाऊन आलो, पुण्याहून सोलापूर रोडने साधारण १०० किलोमीटर, पहाटे ४ ला निघालो नि उजाडता उजाडता पाण्यावर. उजनीच्या बॅकवॉटरला मासेमारी करणारेच लोक होड्या चालवतात आणि आम्हाला जे मामा मिळाले त्यांना ५ स्टार पण कमीच.

आधी रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो. मामांनी लांबूनच इंजिन बंद केलं आणि बांबूने होडी रेटत नेली. हे मुद्दाम सांगतोय कारण मागच्या वर्षी एका दुसऱ्या होडीवाल्याने फोटोसाठी अख्खा थवा उठवला होता, फार वाईट वाटलं तेव्हा, त्या पक्ष्याला उडायला आधी पाण्यावरून धावत सुटावं लागतं हो, चरणं सोडून. ह्या वेळी निवांत बघितलं. मान खाली टाकून चोच पाण्यात चक्क उलटी धरतो, जिभेने पाणी आतबाहेर करतो आणि चोचीतल्या बारीक झालरीतून शेवाळ, किडेबिडे गाळून घेतो. गुलाबी रंग त्या खाण्यातूनच येतो, म्हणून थव्यातली लहान पोरं अजून मळकट राखाडी. एक जण तर पायाने चिखल तुडवत एकाच जागी गोल गोल फिरत होता.

मग कैकर. इंग्रजीत ऑस्प्रे म्हणतात तो मासे मारणारा शिकारी पक्षी, जाळ्याच्या बांबूवर बसलेला. मी म्हटलं चला पुढे, तर मामा म्हणाले, "गप बसा दादा, आत्ता उठंल बघा." वीस मिनिटं झाली आणि खरंच उठला, हवेत एका जागी पंख मारत थांबला आणि पाय पुढे करून धपकन पाण्यात! वर आला तेव्हा पंजात चिलापी, तिचं तोंड बरोबर उडायच्या दिशेला धरलेलं. ह्याचं बाहेरचं बोट मागे वळतं आणि तळव्याला काटे असतात, बुळबुळीत मासा सुटत नाही. उडता उडता ओल्या कुत्र्यासारखं अंग झटकलं त्याने, थेंब पण दिसले.

रोहित तासभर बघा, तो चरतच असतो. कैकरचा खेळ चार सेकंदांचा, पण मला विचाराल तर पैसे तिथेच वसूल झाले.

तक्रार एकच, लाइफ जॅकेट मागून घ्यावं लागलं, ते आधीच द्यायला हवं. नंतर मामांच्या घरी चिलापी फ्राय आणि गरम भाकरी. बुकिंग करतानाच सांगा, थव्याजवळ इंजिन बंद पाहिजे.